सांगलीच्या हळदीची यूएसपी शोधते आहे, आणि स्वतःचीही. मदत हवी

रेघ

नमस्कार. मी सांगलीची, पुण्यात कम्युनिकेशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात प्रत्येकाने एक छोटा उत्पादक निवडायचा, त्याच्या मालाची यूएसपी (युनिक सेलिंग प्रपोझिशन, म्हणजे हाच माल का घ्यायचा याचं दुसऱ्याकडे नसलेलं कारण) शोधायची आणि तिच्यावर उभं राहील असं पॅकेजिंग करायचं, असं काम आहे. मी आमच्याकडचा एक महिला बचतगट निवडला. गटातल्या बहुतेकींच्या घरी हळदीचं पीक असतं. बरीचशी हळद सौद्याला, म्हणजे मार्केट यार्डातल्या लिलावाला जाते, थोडी त्या ठेवून घेतात आणि दळून पावडर विकतात. सध्या पारदर्शक पिशवी आणि त्यावर तयार स्टिकर असा कारभार आहे.

मी ओळ लिहिली होती : "सांगलीची शुद्ध, नैसर्गिक राजापुरी हळद." सरांनी एवढंच विचारलं, "यातला कुठला शब्द शेजारच्या पुड्यावर नाही?" सुट्टीत घरी आल्यावर दोन-चार दुकानांत पुडे उलटसुलट करून पाहिले. सगळे शब्द सगळ्यांवर आहेत.

दुसरी गोष्टही याच्याशीच जोडलेली आहे. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर स्वतःबद्दल एक ओळ लिहायची आहे. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी 'कल्पक', 'वेळेत काम', 'वाजवी दर' असं लिहिलंय. शिक्षण झाल्यावर मला सांगलीतच काम करायचं आहे, त्यामुळे ही ओळ मला नुसती गुणांसाठी नको आहे.

व्याख्या वाचून झाल्या आहेत. बसायचं कुठे, विचारायचं कुणाला, आणि सापडली हे ओळखायचं कसं, ते सांगा.

वाळवेकर_मुंबईत

रेघ, तुमच्या सरांनी नेमका प्रश्न विचारलाय. जाहिरातीच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून लिहितो.

यूएसपी ही कल्पना न्यूयॉर्कच्या टेड बेट्स एजन्सीतल्या रॉसर रीव्हज यांची, १९४० च्या दशकातली. त्यांच्या तीन अटी होत्या. जाहिरातीने गिऱ्हाइकाला एक ठोस गोष्ट द्यायची : हे घे, तुला हा फायदा होईल. ती गोष्ट प्रतिस्पर्धी देत नसेल किंवा देऊच शकत नसेल अशी हवी. आणि तिच्यात इतका जोर हवा की नवी माणसं उठून तुमच्याकडे येतील. १९५४ सालचं एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्यांचं वचन आठवा : तोंडात विरघळतं, हातात नाही. गोळीवर साखरेचं कडक कवच होतं, म्हणून ते म्हणता आलं. शब्द नंतर आले, कवच आधी होतं.

विद्यार्थी बहुतेक वेळा दुसऱ्या अटीवर अडकतात. मला तिसरी जास्त अवघड वाटते. वेगळं काहीही करता येतं. षटकोनी पुडा करा, जगात एकमेव होईल. पण त्यासाठी कोण उठून येणार?

तेव्हा पहिलं काम म्हणजे गटातल्या बायकांसोबत एक पूर्ण दिवस बसा आणि त्या काय काय करतात ते क्रमाने लिहून काढा. विशेषणं लिहायची नाहीत, क्रियापदं लिहायची. काढतात, शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात, निवडतात, दळतात, भरतात. यूएसपी असलीच तर या क्रियापदांपैकी एखाद्यात असेल.

मार्केटयार्ड

हळदीच्या व्यापारात आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो.

'सांगली हळद' या नावाला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ते सगळ्या पट्ट्याचं आहे, एकट्याचं नाही. त्यामुळे इरोडच्या किंवा निजामाबादच्या मालासमोर ते तुम्हाला वेगळं करेल, शेजारच्या गावातल्या गटासमोर करणार नाही. आपल्या महाराष्ट्रातच वर्ध्याकडच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये आणि हिंगोलीच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालंय. शिवाय ते चिन्ह पुड्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. गटाची ती आहे का, ते आधी बघा. नसेल तर करून घ्या, फायद्याचीच आहे. पण ती तुमची यूएसपी नव्हे, ते तुमचं गाव झालं.

दुसरं कुरकुमीनबद्दल, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाबद्दल. हल्ली जो तो कुरकुमीनचा आकडा छापायला बघतो. त्या शर्यतीत उतरू नका. मेघालयातली लाकाडाँग हळद त्याच एका गोष्टीसाठी नावाजलेली आहे, तिच्यापुढे आपल्या राजापुरी वाणाचा निभाव लागणार नाही. राजापुरीची ओळख तिच्या रंगाची आणि जाड हळकुंडाची. सौद्यात माल हातात घेऊन, हळकुंड मोडून, आतला रंग बघून भाव ठरतो. पावडर झाली की हे सगळं गिऱ्हाइकाच्या हातातून जातं. हा प्रश्न सोडवता आला तर बघा.

अनुस्वार

पेव का विसरता? हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं हे सांगलीचं खास वैभव. वर्षानुवर्षं माल टिकायचा त्यात. पुड्यावर पेवाचं रेखाचित्र, मागे दोन ओळींत गोष्ट. अशी गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाही.

मार्केटयार्ड

गोष्ट सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण या गटाची हळद पेवात जाते का? २००५ च्या महापुरात पेवांचं फार नुकसान झालं, आता बहुतेक माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. जी हळद पेवात उतरलीच नाही तिच्यावर पेव छापायचं हे मला पटत नाही.

रेघ

गटाची हळद पेवात ठेवत नाहीत, विचारलं मी. घरातच पोत्यांत असते. तेव्हा पेव नको. अनुस्वार, तुमची सूचना मला मनापासून आवडली होती, म्हणून जरा वाईट वाटलं.

वाळवेकर सर, क्रियापदांची यादी करते आहे.

हरिपूरची_माई

अगं बाळ, एक विचारू? हा पुडा घेणार कोण?

मी काही घेणार नाही. आमच्याकडं अजून वर्षाची हळद हळकुंडं बघून घेतात. उन्हाळ्यात चटणीची मिरची डंकावर, कुटायच्या गिरणीत, नेतो तेव्हाच हळदही करून आणतो. सांगली-मिरजेतल्या माझ्या वयाच्या कितीतरी बायका असंच करतात. आम्हाला पावडर विकायला जाशील तर दमशील.

पण माझी लेक पुण्यात हिंजवडीला असते. तिला ना हळकुंडं निवडायला वेळ, ना तिथं जवळ डंक. ती दर खेपेला इथून डबा भरून नेते आणि संपली की फोन करते. दुकानातली तिला चालत नाही. चव, वास म्हणते. मी म्हणते तिला भरवसा हवा असतो. कुठल्या वर्षाची, कुणी दळली, त्यात काय घातलं, हे माहीत नसलेली हळद दुधात घालून लेकराला द्यायला तिचं मन घेत नाही.

तुझं गिऱ्हाईक ती आहे बघ. सांगलीतलं नाही, सांगलीबाहेर गेलेलं.

वाळवेकर_मुंबईत

माईंच्या प्रतिसादाने या धाग्याची दिशाच बदलली. तिसऱ्या अटीचं उत्तर तिथे आहे. आपण 'हळदीत वेगळं काय' असं विचारत होतो, माईंनी 'कुणाची अडचण' असं विचारलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा तो घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन बिघडेल अशी भीती होती. नांगराच्या मजबुतीबद्दल कितीही बोललं तरी त्या भीतीला उत्तर मिळत नव्हतं. घेणाऱ्याच्या मनात नेमकं काय अडलंय ते आधी कळावं लागतं. हिंजवडीच्या लेकीच्या मनात 'शुद्ध आहे का' हा प्रश्न आहे, आणि 'शुद्ध' हा शब्द वाचून तो मिटत नाही, कारण तो शब्द सगळेच छापतात.

रेघ, आता तुमची क्रियापदांची यादी काढा आणि बघा, या प्रश्नाला त्यातलं कुठलं क्रियापद उत्तर देतं.

शाई_कागद

सांगलीत छपाईचं काम करतो. माझा मुद्दा जरा जमिनीवरचा आहे, पण डिझाइन शिकणाऱ्या मुलीला उपयोगी पडेल.

एक, पारदर्शक पिशवीबद्दल. प्रत्येक हळदवाला खिडकी मागतो, रंग दिसला पाहिजे म्हणून. पण प्रकाशाने कुरकुमीन खराब होतं आणि रंग उतरत जातो. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेला पुडा फिका पडतो तो त्यामुळे. ज्यासाठी खिडकी ठेवली तेच खिडकीतून जातं. तुमचं गिऱ्हाईक दुकानात येणारच नसेल तर खिडकी कशाला? बंद पाऊच घ्या.

दोन, छापील लॅमिनेटेड पाऊच म्हटलं की बहुतेक वेळा रोटोग्रॅव्हर पद्धतीची छपाई. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि कमीत कमी किती माल घ्यायचा तेही ठरलेलं असतं. लहान गटाचे पैसे सिलिंडरमध्येच अडकतात, आणि मजकुरात बदल करायचा म्हटलं की पुन्हा खर्च. कॉलेजात मुलं सहा रंगांची झोकदार पाऊच करतात, गुणही मिळतात, पण गटाला ती कधीच परवडत नाही. साधी कोरी पाऊच आणि त्यावर एक किंवा दोन रंगांचं चांगलं लेबल, हे मी सुचवेन. दोन रंगांत काम करता येणं ही मोठी विद्या आहे.

तीन, 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक'बद्दल. अन्नपदार्थांच्या दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत, ते वाचाच. 'शुद्ध' हा शब्द एकाच घटकाच्या, ज्यात वरून काही घातलेलं नाही अशा पदार्थापुरता आहे. हळदीला तो बसेल, पण 'नैसर्गिक', 'अस्सल', 'पारंपरिक' यांनाही अटी आहेत. रोग बरा होतो असलं काही लिहायचंच नाही. माझ्याकडे रोज अशी लेबलं येतात ज्यांचा अर्धा मजकूर काढून टाकावा लागतो.

रेघ

काल पुन्हा गटाकडे गेले होते. यादी घेऊन सगळ्यांसमोर एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, "हे मोठ्या कंपनीला करता येईल का?"

लागवड, काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश हे सगळे करतात. निवडणं हातानं होतं, पण तेही बऱ्याच ठिकाणी होतं. मग दळणावर आलो. गटाकडे छोटा पल्व्हरायझर आहे. त्या एकदम पोतीच्या पोती दळून ठेवत नाहीत, कारण ठेवायला जागा नाही आणि विकली जाईल याची खात्री नाही. मागणी आली की तेवढीच दळतात. हे सांगताना त्या ओशाळल्या होत्या. त्यांना तो कमीपणा वाटतो.

मोठी कंपनी हे करूच शकत नाही. तिचा माल अनेक बाजारांतून येतो, एकत्र दळला जातो, गोदाम, वितरक, दुकान असा फिरत जातो. कुणाच्या शेतातली, कुठल्या हंगामातली, कधी दळली, हे एका पुड्याबद्दल सांगणं तिला शक्य नाही. गटाला ते प्रत्येक पुड्याबद्दल सांगता येतं, कारण पोतं घरातलं आहे.

म्हणून आत्ता माझी ओळ अशी आहे : "तुम्ही मागितल्यावर दळलेली हळद." लेबलवर वरच्या भागात, ब्रँडच्या नावाएवढ्याच ठळकपणे, एक पांढरा चौकोन. त्यात हाताने लिहायचं : हंगाम, कुणाच्या शेतातली, दळल्याची तारीख. गटातल्या एका काकूंचं अक्षर फार सुरेख आहे.

हरिपूरची_माई

हे माझ्या लेकीला पटेल. गावाचं नाव पण घाल गं.

अनुस्वार

मला एक शंका आहे आणि ती महत्त्वाची वाटते. मागणीनुसार दळणारे आणखी गट असतीलच. मग हे 'एकमेव' कुठे राहिलं? जे सगळे लहान उत्पादक करतात ते आपलंच असल्यासारखं सांगणं प्रामाणिक आहे का?

वाळवेकर_मुंबईत

रास्त शंका आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने अमेरिकेतल्या श्लिट्झ बिअरसाठी काम केलं. कारखाना बघताना त्याला दिसलं की बाटल्या वाफेने धुतात, पाणी खोल विहिरीचं घेतात. कंपनीवाले म्हणाले, हे तर सगळेच करतात. तो म्हणाला, पण सांगत कुणीच नाही. त्याने ते सांगितलं आणि बिअर खपली.

ते उदाहरण मला पूर्ण पटत नाही, कारण त्याने शेजाऱ्यापेक्षा जास्त काही केलं नव्हतं. रेघच्या ओळीत फरक आहे. तिने लेबलवर रिकामा चौकोन ठेवला आहे आणि तो गटाला प्रत्येक पुड्यावर भरावा लागणार आहे. खोटं लिहिलं तर गिऱ्हाईक फोन करून विचारू शकतं. दुसऱ्या गटाने तसंच केलं तर करू दे, त्यालाही तेवढीच मेहनत पडेल.

एक मात्र बघा. ही ओळ घेतली की काही गोष्टी सोडाव्या लागतील. दुकानात माल ठेवायचा नाही, कारण तिथे तो महिनोन्महिने पडून राहील आणि तारीखच तुमच्याविरुद्ध बोलेल. गटाला हे मान्य आहे का? ज्या यूएसपीमुळे एकही गिऱ्हाईक नाकारावं लागत नाही तिच्यात काही दम नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेघ

गटात यावर बराच वेळ बोलणं झालं. दोघींना दुकान सोडायचं नव्हतं. एकीच्या भावाचंच किराणा दुकान आहे, त्यामुळे तो घरचाही प्रश्न झाला. शेवटी ठरलं ते असं : दुकानात हळकुंडं ठेवायची, पावडर फक्त मागणीवर. आठवड्यातून दोन दिवस दळण, त्याच दिवशी पार्सल. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, त्यांनीच काढलं, आणि माझ्या कुठल्याही कल्पनेपेक्षा चांगलं आहे.

आता माझ्या स्वतःच्या ओळीकडे. तिथे मी अजून अडलेली आहे.

मिरजेचा_तंबोरा

आमच्या मिरजेतलं सांगतो. सतार-तंबोरे करणाऱ्यांची इथे अनेक घरं, मूळची शिकलगार मंडळी, हत्यारं करणारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मिळालं. मार्केटयार्ड म्हणतात तसं तेही साऱ्या गावाचं. मग गवई एकाच गल्लीत अमुक दुकान सोडून तमुककडे का जातो? भोपळे साधारण त्याच भागातून येतात, लाकूड तेच, नक्षी तर बाहेरच्याला सगळी सारखीच दिसते. तो जातो जवारीसाठी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसाने घासून तारेचा आवाज खुलवायचा, तो हात प्रत्येकाचा वेगळा. आणि वाद्य घेऊन झालं तरी जवारी पुन्हा लावायला माणूस तिथेच परत येतो.

पोर्टफोलिओत नक्षी सगळेच दाखवतात. तुमच्याकडे माणूस परत कशासाठी येईल, ते शोधा. आणि ते तुम्हाला स्वतःला सहसा दिसत नाही, समोरच्याला विचारावं लागतं.

अनुस्वार

इथे मात्र मी ठाम विरोधात आहे. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने स्वतःवर एक पाटी लावून घेऊ नये. तिने अजून पुस्तकांची मुखपृष्ठं केलेली नाहीत, नाटकाची पोस्टरं केलेली नाहीत. नाट्यपंढरी सांगलीतली मुलगी ती! आत्ता 'मी हळदीची लेबलं करते' असं लिहिलं तर उद्या नाटकाची संस्था तिला बोलावेल का? हळदीच्या पुड्याची यूएसपी आणि माणसाची यूएसपी यांत फरक आहे. पुडा शिकत नाही, माणूस शिकतो.

शाई_कागद

अनुस्वार, तुमचं म्हणणं समजतं, पण सांगलीतली परिस्थिती सांगतो. इथे 'सगळं करून मिळेल' अशा पाट्यांची डीटीपीची दुकानं भरपूर आहेत, आणि ते दरात कुणालाही हरवतील. तिने त्यांच्यासारखंच लिहिलं तर तिला त्यांच्याच दरात काम करावं लागेल.

माझ्याकडे परत परत कुणाचं काम हवंसं वाटतं, ते सांगतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या फाइली दिसायला देखण्या असतात. पण मराठी मजकूर युनिकोडमध्ये, आमच्याकडे जुनं कोरल सॉफ्टवेअर आणि श्री-लिपीचे जुने फॉन्ट. उघडलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो, वेलांटी सुटी पडते. मग आमचा ऑपरेटर सगळा मजकूर पुन्हा टाइप करतो, त्यात नव्या चुका. तारीख-किमतीच्या शिक्क्याला जागाच ठेवलेली नसते. शाकाहारी चिन्ह, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, हे शेवटच्या दिवशी कुठेतरी कोंबायचं. उत्पादक बिचारा डिझायनर आणि प्रेसच्या मध्ये हेलपाटे घालतो.

रेघने या गटासाठी जे केलंय ते मी वाचत आलोय. दळणाच्या वारापर्यंत ती पोचली. असं लेबल माझ्याकडे आलं आणि पहिल्याच प्रुफात बरोबर निघालं, तर पुढच्या दहा उत्पादकांना मी स्वतः तिच्याकडे पाठवेन.

मार्केटयार्ड

बेदाणेवाल्यांकडेही हीच बोंब आहे. तासगाव भागात माल एक नंबर, आणि खोके बघाल तर सगळे सारखे. काम कमी पडणार नाही तुम्हाला.

रेघ

अनुस्वार, तुमचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. मला नाटकाची पोस्टरं करायचीच आहेत. म्हणून ओळीत 'हळद' किंवा 'लेबल' हा शब्द ठेवलेला नाही. पण 'कल्पक' आणि 'वाजवी'ही काढले.

सध्याचा खर्डा असा : "तुमच्याकडे येऊन, काम बघून, प्रेसमध्ये जसंच्या तसं छापून निघेल असं मराठी डिझाइन करते." जरा लांब आहे, पण यातला प्रत्येक भाग मी या एका कामात केला आहे आणि दाखवू शकते. पोर्टफोलिओत गटाचं काम पहिलं ठेवणार आहे, शेवटच्या पुड्याच्या फोटोपासून नाही, तर क्रियापदांच्या यादीपासून.

शाई_कागद काका, लेबलची फाइल या आठवड्यात तयार होईल. दोन रंग : गडद जांभळा आणि काळा. पिवळा मुद्दाम टाळलाय, कारण हळदीच्या रांगेत पिवळा कुणालाच दिसत नाही. तुमच्याकडे प्रूफ काढायला आणू का?

शाई_कागद

आण की. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून आण आणि न केलेली प्रतही सोबत ठेव, दुरुस्ती लागली तर. कडेने ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची छपाई सोड. बारीक काळा मजकूर फक्त काळ्यातच ठेव, त्यात जांभळा मिसळू नकोस, नाहीतर रजिस्टर (दोन रंगांची जुळणी) हललं की अक्षर दुहेरी दिसेल. आणि पांढऱ्या चौकोनावर लॅमिनेशन किंवा वार्निश येऊ द्यायचं नाही, पेनची शाई धरणार नाही. काकूंना कुठल्या पेनाने लिहायचंय ते विचारून ये, आपण त्याच पेनाने कागद तपासून घेऊ.